पुढच्या खोलीचा पगार

मालकीणबाईंनी पाटी स्वतःच्या हाताने लिहिली आणि काउंटरमागे, आत येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी खिळा ठोकून लावली. 'इथे टिप घेतली जात नाही. आमच्या माणसांना आम्ही पूर्ण पगार देतो.' खाली बारीक अक्षरांत नवे दर होते. प्रत्येक पदार्थ आधीपेक्षा पाचव्या हिश्शाने महाग झाला होता.

वहिनीने ती पाटी तीनदा वाचली. एकदा जाताना, एकदा येताना आणि एकदा उगाचच.

"कशी वाटली?" मालकीणबाईंनी विचारलं.

"अक्षर छान आहे तुमचं," वहिनी म्हणाली आणि पाण्याचा जग भरायला वळली.

तिला वहिनी म्हणायला भटारखान्याने सुरुवात केली होती. तिचा नवरा तिथला मुख्य आचारी. हाताखालची माणसं त्याला उस्ताद म्हणत, त्यामुळे लग्नानंतर वर्षभराने ती वाढायच्या कामाला लागली ती आल्या दिवसापासून सगळ्यांची वहिनी झाली. पुढे नेहमीची गिऱ्हाइकंही तसंच म्हणू लागली. एकोणीस वर्षांत तिचं खरं नाव फक्त पगाराच्या रजिस्टरात उरलं होतं.

हॉटेल कोर्टाच्या मागच्या गल्लीत होतं. बारा टेबलं, सकाळी अकराला उघडायचं आणि आठच्या आत बंद. वकील, कारकून, बँकेतली माणसं, तारखेला आलेली आणि तोंड उतरलेली कुटुंबं, हेच गिऱ्हाईक. काम करणाऱ्यांच्या बोलण्यात या जागेचे दोन भाग होते : पुढची खोली आणि मागची खोली. मागच्या खोलीत स्वयंपाक आणि भांडी, पुढच्या खोलीत वाढणारे. मागच्यांना पगार त्यातल्या त्यात बरा होता, पण टिपेचा एक पैसा कधी त्यांच्यापर्यंत पोचायचा नाही. पुढच्यांना पगार नावाला, खरी कमाई टेबलावर. थोरल्या मालकांनी तशीच रीत घालून दिली होती. "गिऱ्हाईक खूश होऊन ज्याच्या हातावर ठेवेल, ते त्याचं," असं ते म्हणायचे. त्यात त्यांचेही पैसे वाचायचे, ते मात्र म्हणायचे नाहीत.

थोरले मालक गेले आणि त्यांची मुलगी, आताच्या मालकीणबाई, गल्ल्यावर बसली. शिकत असताना तिने परक्या शहरात दोन वर्षं वेटरचं काम केलं होतं. तिथे एका माणसाने टिपेची नाणी उष्ट्या रश्श्याच्या वाटीत टाकली आणि तिला ती बोटांनी काढायला लावली. हे तिने एकट्या वहिनीला सांगितलं होतं. तेव्हाच तिने मनाशी ठरवलं होतं, की आपल्या हातात आलं तर हे बंद करायचं. वहिनीला ते पटलंही होतं. लहानपणी ही पोरगी चौथ्या टेबलावर बसून गृहपाठ करायची आणि वहिनी येता-जाता तिच्या तोंडात पावाचा तुकडा कोंबायची. तिच्या बाबतीत वहिनीला बऱ्याच गोष्टी पटायच्या.

पटणं वेगळं आणि हिशेबाला बसणं वेगळं. नव्या पगारात उस्तादला चांगली वाढ मिळाली. भांडी घासणाऱ्या मावशींचा पगार दीडपट झाला. पुढच्या खोलीतल्या पूर्णवेळ दोघांना सरसकट एकच आकडा. तो वहिनीच्या जुन्या पगाराच्या दुप्पट होता, पण जुना पगार आणि टिप धरली तर तिच्या हातात तिसऱ्या हिश्शाने कमी पडत होतं.

"पण घरात येणारा आकडा बघ की," उस्ताद त्या दिवशी शर्टाच्या बाह्या खाली करत म्हणाला. तो भलताच खुशीत होता. "माझे वाढले, तुझे घटले. बेरीज उलट थोडी जास्तच भरते. आपलं काय बिघडलं?"

"काही नाही," ती म्हणाली.

बिघडलं होतं ते तिला सांगता येत नव्हतं. पगार दोघांचाही बँकेत जायचा आणि पासबुक उस्तादकडे असायचं. त्यातून घरभाडं, वीज, मुलीची फी, किराणा. टिप मात्र एप्रनच्या खिशातून थेट वहिनीच्या कपाटातल्या डब्यात जायची. पगार घराचा आणि टिप तिची, असं कधी बसून ठरलं नव्हतं, तसा पायंडा पडत गेला होता. आणि त्या डब्यातून दर महिन्याला तिच्या आईच्या खोलीचं भाडं निघायचं.

आई सुनेशी भांडून वेगळी राहायला गेली त्याला आठ वर्षं झाली होती. भावाने चार महिने भाडं भरलं आणि हात वर केले. नेमक्या त्या दिवसांत उस्तादचे वडील अंथरुणाला खिळले होते आणि औषधांपायी घरात काटकसर चाललेली. तशात नवऱ्यापुढे आईचा विषय काढणं तिच्या जिवावर आलं. तिने डब्यातून भाडं दिलं आणि म्हटलं, सासऱ्यांना बरं वाटलं की सांगू. सासरे गेले, दिवस पालटले, पण सांगायची वेळ काही आली नाही. उस्ताद आजही समजत होता की मेहुणाच आईचं सगळं बघतो.

पहिला आठवडा वहिनीचा हात सारखा खिशाकडे जायचा. खिसा रिकामा. पैशाचं एक झालं, पण दुसरंच काहीतरी तिला जास्त टोचू लागलं. टेबल उठलं की बशीखाली निकाल असायचा. कुठल्या बाईला बोलकी माणसं आवडतात, कुठला वकील केस हरून आलाय आणि त्याला फक्त गरम सूप हवंय, कुणाच्या पोराला आधी पाव दिला की बाकीचे शांतपणे जेवतात, हे तिने ओळखलेलं बरोबर निघालं की चूक, ते तिला त्या बशीखाली कळायचं. आता माणसं उठायची, पाटी वाचायची, "छान, छान" म्हणायची आणि जायची. आपण बहिरे झालोय असं तिला वाटू लागलं. पुसलेलं टेबल ती पुन्हा पुसायची. घरी जाताना सरळ रस्ता सोडून बाजारातून वळसा घालायची आणि काही न घेता परत फिरायची. मुलगी एकदा म्हणाली, "आई, तू जेवायला बसतेस तेव्हाही उभी असल्यासारखी वाटतेस."

पुढच्या खोलीत तिच्याशिवाय एक कॉलेजात शिकणारी मुलगी होती, ती फक्त दुपारची यायची. आणि लंबू. लंबू दोन वर्षांपूर्वी लागलेला, उंच, हसतमुख आणि विसरभोळा. तीन पदार्थ सांगितले तर दोन आणायचा आणि तिसऱ्याबद्दल स्वतःच आश्चर्य व्यक्त करायचा. त्याला नवा पगार फार मानवला होता.

"वहिनी, एवढी कशाला पळतेस?" तो खांबाला टेकून म्हणाला. "पळालं तरी तेवढेच, चाललं तरी तेवढेच."

"गिऱ्हाईक थांबलंय, लंबू."

"थांबू दे की. आता ते आपल्याला काय देणार आणि आपलं काय कापणार?"

ती त्याच्यावर खेकसली. पण चौथ्या आठवड्यात एका दुपारी तीच बडीशेपेचा डबा भरत उभी राहिली आणि भटारखान्याच्या खिडकीत ठेवलेल्या दोन सूपच्या वाट्यांकडे बघत राहिली. वाट्यांवरची वाफ कमी कमी होत गेली. तिला दिसत होतं आणि तरी पाय उचलत नव्हता. मागून उस्तादने घंटा मारली, एकदा, दोनदा, मग हातानेच खिडकीची फळी बडवली.

"सूप गार होतंय! कोण आहे पुढे?"

"मी आहे," ती म्हणाली.

खिडकीतून त्याचं डोकं दिसलं. एकोणीस वर्षांत त्याला तिच्यासाठी घंटा दुसऱ्यांदा मारावी लागली नव्हती. त्याने वाट्या आत ओढून पुन्हा चुलीवर ठेवल्या. ती तिथेच उभी राहिली.

गुरुवारी ठेकेदार यायचा. इमारती बांधणारा माणूस, सोबत आठ-दहा जणांचा लवाजमा, रस्त्याकडच्या खिडकीजवळची दोन टेबलं जोडून बसायचे. बिलाची त्याला फिकीर नसे, आणि जाताना ग्लासखाली तो जी नोट ठेवायचा ती एकटीच आईच्या भाड्याचा चौथा हिस्सा असायची. ऑर्डर देताना मात्र तो तिचं मनगट धरून ठेवायचा. "वहिनी, तुमच्या हातचं साधं पाणीसुद्धा गोड लागतं हो." सगळे हसायचे. तीही हसायची. त्या हसण्याचं कधी काही वाटलं नव्हतं तिला, निदान वाटून घेतलं नव्हतं.

पाटी लागल्यावरच्या पहिल्याच गुरुवारी तिने नोट परत दिली होती. ठेकेदाराने पाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "म्हणजे आमचा पैसा आता बाटलेला झाला होय?" तो म्हणाला, नोट खिशात कोंबली आणि पुढचे सहा गुरुवार फिरकला नाही. त्याच्यासारखे आणखीही होते. कुणाला दर झेपेनात, कुणाला पाटीत उपदेश दिसला. रोज नाणं ठेवणारे एक म्हातारे गृहस्थ तर रुसलेच. "मी भीक घालत नव्हतो, आभार मानत होतो," असं म्हणून ते समोरच्या हॉटेलात जायला लागले. दर आणि पाटी, दोन्हीपायी जागा रिकामी होत होती. सातव्या आठवड्यात लंबूही समोर गेला. तिथे टिप चालायची. आळशी माणसालाही आपण लॉटरीत जिंकू असं वाटतंच.

त्याच दिवशी दुपारी मालकीणबाईंनी वहिनीला कोठीत बोलावलं. पिठाच्या पोत्यांमध्ये दोघी उभ्या राहिल्या, कारण बसायला जागा नव्हती.

"तुम्हीही जाणार का?" त्यांनी सरळ विचारलं. त्यांच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं.

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पण समोरच्यांनी मला लंबू गेला तेव्हा तोंडावर सांगितलं, की त्यांना खरं तर तुम्ही हव्या आहात." त्यांनी पोत्याच्या शिवणीशी चाळा केला. "वहिनी, तुम्ही गेलात तर मी संपले. ऐका. ठेकेदारांचा फोन होता. पूर्वीसारखं असेल तर येतो म्हणाले. येऊ दे त्यांना. ते देतील ते तुम्ही ठेवा. वर मी दर महिन्याला एक पाकीट वेगळं देईन. फक्त बाकीच्यांना कळू देऊ नका."

"आणि पाटी?"

"पाटी राहील."

वहिनी "बघते" म्हणाली. आईचं भाडं सहा दिवसांवर आलं होतं आणि डब्यात अर्ध्याहून कमी होते. कोठीतून बाहेर पडताना तिला हायसं वाटायला हवं होतं.

गुरुवारी ठेकेदार आला. टेबलं जोडली गेली, हशा सुरू झाला. ऑर्डर देताना त्याने मनगट धरलं आणि या वेळी जरा जास्तच वेळ धरलं, बाजारात फळ दाबून बघावं तसं. "बघा, आली की नाही गाडी रुळावर," तो शेजारच्याला म्हणाला. जाताना नोट ग्लासखाली नव्हती. त्याने ती तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं स्वतःच्या हाताने मिटवली.

तिने मूठ एप्रनच्या खिशात घातली आणि थेट मागे मोरीपाशी गेली. मावशी भांड्यांच्या ढिगाऱ्यामागे उभ्या होत्या. साठीला आलेली बाई. पूर्वी पहाटे एका इमारतीचे जिने धुवून मग इकडे यायच्या आणि दुपारी भांडी घासता घासता उभ्या उभ्या पेंगायच्या. पगार वाढल्यावर त्यांनी जिने सोडले होते. वहिनीने हात धुवायला मूठ उघडली तेव्हा नोट मावशींनी पाहिली.

वहिनीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"घे गं," मावशी साबणाचा हात न थांबवता म्हणाल्या. "मी नाही बोलायची कुणाला. तुझंच आहे ते. तू राबतेस त्या लोकांत." मग जरा वेळाने, पातेलं पालथं घालून, त्यांनी विचारलं, "पण मग आमचं वाढवलेलं राहील ना? का जुनं सगळं परत येणार? म्हणजे मला त्या जिनेवाल्यांना सांगून ठेवायला बरं."

वहिनीने नोट पुन्हा खिशात घातली. ती मागच्या दारातून बाहेर पडली.

मागच्या पायरीवर उस्ताद दुपारची हवा खात बसला होता. तीन ते चार भटारखाना थंड असायचा. ती त्याच्या शेजारी बसली, उठली, पुन्हा बसली.

"काय गं, मुंग्या चावतात का?"

तिने नोट काढून त्याच्या गुडघ्यावर ठेवली. आणि मग सगळंच सांगितलं, पण उलट्या क्रमाने : आधी ठेकेदार, मग कोठीतलं पाकीट, मग डबा, आणि शेवटी आईचं भाडं. बोलताना ती त्याच्याकडे न बघता समोरच्या भिंतीवरच्या पाइपाकडे बघत होती.

उस्तादने गुडघ्यावरची नोट बोटांनी सरळ केली.

"आठ वर्षं," तो म्हणाला.

"तुमचे वडील आजारी होते तेव्हा. मला बोलवेना. मग राहूनच गेलं."

"आणि मी तुझ्या भावाची दर भेटीत पाठ थोपटतो! 'आईला सांभाळतोस, मोठ्या मनाचा आहेस' म्हणून. तो पण खुशाल थोपटून घेतो!"

तिला हसू आलं आणि तिने ते दाबलं, कारण त्याचा चेहरा हसण्यासारखा नव्हता.

"पैशाचं मला काही नाही," तो म्हणाला. "पण मला एक सांग. ही नोट कशाची? आज त्याने काय खाल्लं?"

"मासा."

"तो कुणी भाजला? सकाळी बाजारात जाऊन कुणी निवडला? एकोणीस वर्षं मी आत भाजतोय आणि शाबासकी तुझ्या हातावर पडते. तू घरी येऊन सांगायचीस, आज अमुक खूश झाला, तमुकाने एवढे ठेवले. मी 'वा' म्हणायचो. मला कधी कुणी काय ठेवलं? तू फक्त खिडकीपासून टेबलापर्यंत नेतेस. तीस पावलं."

"तीस पावलं?" ती उठून उभी राहिली. "तुम्ही चाला ना एकदा ती तीस पावलं. तुमच्या माशाने कधी तुमचं मनगट धरलंय? तुमची चूल कधी म्हणाली, हसा की जरा? तुम्ही आत वैतागलात तर झारा आपटता. मी कुठे आपटू? तुम्ही खारट केलेल्या सूपबद्दल मी माफी मागते, आणि अशी मागते की माणूस वर गोड काहीतरी मागवतो!"

"मी खारट करत नाही."

"वर्षातून तीनदा करता."

तो ताडकन उठला आणि आत गेला. ती पायरीवर उभी राहिली. त्या संध्याकाळी पाच नंबरच्या टेबलावरून मासा परत आला. फार खारट होता. तिने पाच नंबरची माफी मागितली, आणि त्या माणसांनी खरंच वर गोड मागवलं.

घरी जाताना तो दोन पावलं पुढे चालत होता. कोपऱ्यावर थांबला.

"भाडं किती आहे?"

तिने आकडा सांगितला.

"उद्या बँकेतून काढ," तो म्हणाला. "आणि ती नोट त्याला परत दे. तुला ठेवायची तर ठेव, पण मला वाटतं दे." पुन्हा चालायला लागल्यावर, मान न वळवता, तो म्हणाला, "तो मनगट धरतो हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस."

"सांगून तुम्ही काय केलं असतं?"

"माहीत नाही. म्हणून तर म्हणतोय."

दुसऱ्या दिवशी भाडं निघालं, एका गोष्टीचा निकाल लागला, तरी वहिनीला चैन पडेना. पासबुकातून आईचं भाडं जाणं ठीक होतं. पण ती स्वतः कुठे होती त्या हिशेबात? लंबू गेला, त्याच्या जागी उद्या कुणी नवखा येईल, आणि त्याचा आकडा नि तिचा आकडा एकच असेल. टिप गेली त्याचं तिला आता तेवढं नव्हतं. टिपेबरोबर तिचं मोजमापही गेलं होतं. मागच्या खोलीत उस्ताद होता, त्याच्याखाली दुसरा आचारी, त्याच्याखाली भाज्या चिरणारा, आणि प्रत्येकाचा पगार वेगळा. का, असं कुणी विचारत नव्हतं. पुढच्या खोलीत मात्र एकोणीस वर्षं आणि दोन वर्षं एका तागडीत. हे तिला टेबल पुसता पुसता सुचलं आणि फडकं तिथेच टाकून ती काउंटरकडे गेली. दुपारचे तीन वाजले होते, खोली रिकामी होती.

"ते पाकीट," ती म्हणाली, "किती जाडीचं असणार होतं?"

मालकीणबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोला ना."

"हळू कशाला? मला ते रजिस्टरात हवंय. पाकिटात नको."

"वहिनी, तसं केलं तर सगळे मागतील."

"मागू दे. मुख्य आचारी असतो की नाही? मग मुख्य वाढणारी का नाही? मी तुम्हाला नवी पोरं तयार करून देईन, लंबूसारखी खांबाला टेकणारी नाहीत. कुठलं टेबल कुणाचं, ते मी बघेन. त्याचा पगार लिहा. ज्याला तो हवा त्याने ते काम शिकावं."

"पैसे कुठून आणू?" मालकीणबाईंचा आवाज चढला. "ठेकेदारांचा गुरुवार धरून कसंबसं जमतंय. तो गेला तर..."

"तो माझं मनगट धरतो."

मालकीणबाईंनी गल्ल्याचा खण लोटून बंद केला.

"तुला माहीत होतं," वहिनी म्हणाली. मालकीणबाई गल्ल्यावर बसल्यापासून ती त्यांना तुम्हीच म्हणायची, पण आता तोंडातून तू निघालं. "लहान असल्यापासून बघतेस तू. चौथ्या टेबलावरून रस्त्याकडच्या खिडकीजवळचं टेबल स्पष्ट दिसतं. वाटीतली नाणी तुला काढायला लावली म्हणून तू पाटी लावलीस. आणि मला सांगतेस, त्याचं घे, कुणाला कळू देऊ नको."

मालकीणबाईंचे डोळे भरले. पण रडून सुटायची त्यांची इच्छा नसावी, कारण त्यांनी नाक पुसलं आणि रजिस्टर ओढलं. दोघी तासभर त्यात डोकं घालून बसल्या. मध्येच उस्तादला बोलावलं गेलं. त्याने पदार्थांची यादी हातात घेतली आणि कुणी खात नसलेले सात पदार्थ खोडले, एवढ्यानेच रोजचं नासणारं सामान बरंच वाचणार होतं. उन्हाच्या बाजूचं अडचणीचं बारावं टेबल काढायचं ठरलं. सोमवारची संध्याकाळ बंद ठेवायचं ठरलं, तशीही ती रिकामीच जायची. इतकं करूनही वहिनीने मागितलेल्या आकड्याच्या अर्ध्यावरच गाडी अडली.

"अर्धा आत्ता," मालकीणबाई म्हणाल्या. "उरलेला सहा महिन्यांनी, जमलं तर. जमेलच असं सांगत नाही."

"लिहून द्या."

"जमलं तर, हेही लिहू?"

"तेही लिहा. आणि मावशींचं कमी होणार नाही, ते आधी लिहा."

त्यांनी लिहिलं. उस्ताद उभ्यानेच ते वाचत होता. "मुख्य वाढणारी," तो पुटपुटला, "म्हणजे आता मला दोन दोन साहेब." आणि आत निघून गेला. जाताना त्याने खिडकीच्या फळीवर बोटांनी ठेका धरला.

पुढच्या गुरुवारी ठेकेदार आला तेव्हा वहिनीने आधीची नोट दुमडून त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"हे काय?"

"तुमची राहिली होती. आम्ही घेत नाही."

"आम्ही कशासाठी येतो मग इथे?" त्याने सवयीने हात पुढे केला. ती एक पाऊल मागे सरकली आणि हातातली वही उघडली.

"जेवायला. आज मासा ताजा आहे. दहा जणांना आणू?"

टेबलावर कुणी हसलं नाही. काउंटरमागे मालकीणबाई उभ्या राहिल्या होत्या, भटारखान्याच्या खिडकीत उस्तादचं डोकं दिसत होतं, आणि मावशी ओल्या हातांनी दारात आल्या होत्या, हे वहिनीला नंतर कळलं. ठेकेदाराने मासा मागवला. जेवला, बिल दिलं आणि गेला. त्यानंतर तो आला नाही. त्याच्याबरोबर बसणाऱ्यांपैकी एक हिशेबनीस मात्र मधूनमधून बायकोला घेऊन यायला लागला.

हॉटेल बुडालं नाही आणि फार वरही आलं नाही. महिन्याचा शेवट आला की मालकीणबाईंच्या कपाळावर आठ्या पडायच्या. लंबूने एकदा समोरून हात करून वहिनीला थांबवलं. तिथला मॅनेजर टिपेतला निम्मा वाटा मारतो, परत यायचं म्हटलं तर काय, असं तो चाचरत विचारत होता. "खांबाला टेकायचं नाही," वहिनी म्हणाली, "आणि दोन महिने माझ्या हाताखाली." त्याने विचार करून सांगतो म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.

वहिनीच्या हातात पूर्वीपेक्षा कमीच पडत होतं. बशी उचलताना तिची नजर अजूनही बशीखाली जायची. एक दिवस कॉलेजातल्या मुलीला तिने शिकवलं, की एकटा बसलेला माणूस मेनू उलटा धरतो तेव्हा त्याला काही खायचं नसतं, कुणाशी तरी बोलायचं असतं. मुलीने तशा एकाशी बोलून पाहिलं आणि धावत येऊन म्हणाली, "वहिनी, खरंच!" त्या दिवशी घरी जाताना तिने बाजाराचा वळसा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र घेतला.

भाड्याच्या तारखेला उस्ताद म्हणाला, "मीही येतो." आठ वर्षांत तो सासूबाईंच्या खोलीवर दोनदा गेला होता. दोघं जिना चढून वर गेले. आईने दार उघडलं, मुलीला पाहिलं, तिच्यामागे जावयाला पाहिलं, आणि तिचा हात छातीवर गेला.

"काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही गं आई. भाडं द्यायला आलोय."

"त्याला दोघं कशाला लागतात?"

"मलाही तेच वाटलं," उस्ताद म्हणाला आणि चपला काढून आत शिरला. ओट्यावर सूप उकळत होतं. त्याने न विचारता चमचा उचलला, चव घेतली आणि मिठाचा डबा शोधायला लागला. सासूबाईंनी तो त्याच्या हातून काढून घेतला.

"हे माझं घर आहे, जावईबापू. बसा तिकडे."

तो मुकाट्याने खुर्चीवर जाऊन बसला. वहिनी पाण्याचे ग्लास काढायला उठली, तशी आईने तिलाही खांदा दाबून खाली बसवलं आणि दोघांपुढे वाट्या मांडल्या.